परदेशात म्युझिकल बघायचं असेल तर तयारी गावातूनच करा

दिवाळी झाली, धान घरात आला की वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा, साकोली या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. रात्री नऊ-दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत कानाला मफलर गुंडाळून, रात्रभर गाण्यांचं नाटक बघणारा प्रेक्षक कोकणातला दशावतार सोडला तर महाराष्ट्रात आता फारसा कुठं उरलेला नाही. हाच माणूस मुलाकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला गेला की मॉल बघतो, पूल बघतो, स्वामीनारायण मंदिरात जाऊन येतो, आणि जिथं जगातली सगळ्यात तालेवार संगीत नाटकं आठवड्याला आठ-आठ वेळा होतात त्या शहरातून ती न बघताच परततो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "इंग्रजी नाटक आपल्याले समजन का जी?"

समजतं. रात्र-रात्र गाणी ऐकलेल्या कानाला तर फारच लवकर समजतं. फक्त तयारी करून जावं लागतं, आणि ती तयारी तिकडे पोचल्यावर होत नाही. तिकडे मुलाला सुट्टी नसते, सुनेला फुरसत नसते, आपल्याला रस्ता माहीत नसतो. म्हणून खालचं बहुतेक काम व्हिसा हातात आल्यावर आणि विमानात बसायच्या आधी, घरच्या ओट्यावर बसून उरकायचं आहे. नाटकाचं तिकीट मात्र व्हिसा येण्याआधी काढू नका. एकदा काढलेलं तिकीट सहसा परत घेत नाहीत.

आधी हे समजून घ्या

म्युझिकल म्हणजे गाण्यातून पुढं सरकणारं नाटक. नट स्वतः गातात, रेकॉर्डवर ओठ हलवत नाहीत. वादक बहुतेक वेळा रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेले असतात. आपल्याकडे ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडवाले मंचाच्या पुढ्यात बसतात, तसंच, फक्त चार हात खाली. मोठा फरक असा की कंपनी गावोगाव फिरत नाही. एक नाटक एका थिएटरात वर्षानुवर्षं ठाण मांडून असतं. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' लंडनला १९८६ साली ज्या थिएटरात सुरू झालं, त्याच ठिकाणी ते आजही चालू आहे. मधे करोनात खंड पडला तेवढाच. न्यूयॉर्कला ते १९८८ ते २०२३ चाललं आणि १३,९८१ प्रयोगांनंतर बंद झालं. एकाच जागी इतकी वर्षं बसायचं म्हटल्यावर नेपथ्यही तसंच बांधतात: छतातून झुंबर खाली येतं, जमिनीतून खडक वर येतो. हे बघायलाच अर्धे लोक जातात.

लंडनच्या नाटकवस्तीला वेस्ट एंड म्हणतात आणि न्यूयॉर्कच्या वस्तीला ब्रॉडवे. ब्रॉडवेवर ४१ थिएटरं आहेत, जवळजवळ सगळी टाइम्स स्क्वेअरच्या आसपास. न्यू जर्सीतल्या एडिसनला उतरणाऱ्या आपल्या मंडळींना ते आगगाडीनं तासाभराच्या अंतरावर पडतं.

कोणतं नाटक?

इथं घाई करू नका. तुमचा पैसा वसूल होणार की नाही ते इथंच ठरतं.

पहिलंच म्युझिकल असेल आणि इंग्रजी जेमतेम असेल तर माझं मत सरळ आहे: 'द लायन किंग' बघा. ब्रॉडवेवर ते १९९७ पासून आणि लंडनच्या लिसियम थिएटरात १९९९ पासून चालू आहे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक: राजा, त्याचा कपटी भाऊ, परागंदा झालेला मुलगा. नातवंडांनी हिंदीत डब केलेला सिनेमा पाहिलेला असतोच, त्यांच्यासोबत तुम्हीही पाहून घ्या. आणखी एक गंमत म्हणजे पडदा उघडताना जी हाक ऐकू येते ती झुलू भाषेत आहे. शेजारी बसलेल्या गोऱ्या माणसालाही तिचा अर्थ कळत नसतो. तिथं तुम्ही आणि तो सारखेच.

या नाटकाची सुरुवात जरा जवळून सांगतो, कारण जागा निवडताना हीच उपयोगी पडेल. दिवे मंद होतात, मंचावर एकटी बाई गायला लागते आणि तिला उत्तर येतं ते प्रेक्षागृहाच्या वरून, बाजूनं. तोवर मागच्या दारांतून जनावरं आत येतात. हत्ती माणसांनी चालवलेला, पक्षी काठीच्या टोकाला फिरवलेले, आणि हे सगळं खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, तुमच्या खांद्याला घासून मंचाकडे जातं. माणूस लपवलेला नसतो. जिराफाच्या चारही पायांत काठ्या धरलेला नट तुम्हाला स्पष्ट दिसतो, आणि मिनिटाभरात तुम्ही नट बघायचं सोडून जिराफ बघायला लागता. मंचाच्या दोन्ही बाजूंना उंचावर तालवाद्यांचा ताफा असतो. ज्याला तबलजीचा हात ओळखता येतो त्यानं अधूनमधून तिकडेही बघावं.

'अलादीन' आणि 'मम्मा मिया' हीसुद्धा भाषेवाचून अडत नाहीत. 'फँटम' ही प्रेमाची, सुडाची, थोडी भुताटकीची गोष्ट आहे. झाडीपट्टीतल्या कौटुंबिक नाटकांची सवय असलेल्याला ती पहिल्या अंकातच आपली वाटेल. 'ले मिझराब्ल' १९८५ पासून लंडनमध्ये आहे. ते जवळजवळ सगळंच गाण्यात आहे, बोललेले संवाद नावापुरते. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या कादंबरीवरची ही गोष्ट मोठी आणि गुंतागुंतीची. आधी वाचून गेलात तर डोळ्यांतून पाणी काढेल, न वाचता गेलात तर झोप आणेल. 'हॅमिल्टन'चं नाव खूप ऐकाल. उत्तम आहे, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळाचा इतिहास, तोही रॅपमध्ये, गोळीच्या वेगानं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरांचीही धांदल उडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा. त्याचा मंचावरच चित्रित केलेला प्रयोग २०२० मध्ये ओटीटीवर आला आहे, तो घरी बघून झेपतं का ते ठरवा.

ज्यांना परदेशाआधी एकदा सराव करायचा आहे त्यांनी मुंबईच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. २०२३ ला 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि २०२५ ला 'फँटम' तिथं येऊन गेलं. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये दुपारी बसलं की सकाळी मुंबई. तिकिटं स्वस्त नसतात, पण व्हिसा लागत नाही.

गोष्ट आणि गाणी पाठीशी घ्या

नाटक ठरलं की दोन गोष्टी करा. विकिपीडियावर त्याचं कथानक शोधा आणि घरातल्या कॉलेजातल्या पोराकडून मराठीत वाचून घ्या. शेवट आधी कळला म्हणून मजा जात नाही. हरिश्चंद्राचा शेवट माहीत असूनही पिढ्यान्‌पिढ्या लोक रडले आहेत. दुसरं, त्या नाटकाच्या मूळ संचाची गाणी यूट्यूबवर मिळतात. ती शेतात जाताना, जेवताना कानावर पडू द्या. शब्द कळायची गरज नाही, चाल ओळखीची व्हायला हवी. प्रत्यक्ष थिएटरात ओळखीची चाल उठली की अंगावर काटा येतो आणि त्याच क्षणी भाषेची भीती संपते.

ब्रॉडवेवरच्या बऱ्याच थिएटरांत गालाप्रो नावाचं अॅप चालतं. ते संवाद आणि गाण्यांचे शब्द इंग्रजीत फोनवर दाखवतं. पडदा काळा असल्यानं शेजाऱ्याला उजेडाचा त्रास होत नाही. ऐकण्यापेक्षा वाचून इंग्रजी समजणाऱ्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, ते फार सोयीचं आहे. लंडनमध्ये ठरावीक तारखांना कॅप्शनवाले प्रयोग असतात. नाटकाच्या वेबसाइटवर त्या तारखा दिलेल्या असतात.

वार, वेळ आणि झोप

ब्रॉडवेवर बरीच थिएटरं सोमवारी बंद असतात, लंडनमध्ये बरीच रविवारी. 'बरीच' म्हणतो, 'सगळी' नाही. म्हणून त्या नाटकाचं कॅलेंडर उघडून बघाच. संध्याकाळचा खेळ लंडनला साधारण साडेसातला, न्यूयॉर्कला सात किंवा आठला. दुपारचा खेळ, ज्याला मॅटिनी म्हणतात, बहुतेक बुधवारी आणि शनिवारी दोन-अडीचच्या सुमाराला. नाटक मध्यंतर धरून अडीच-तीन तासांत आटोपतं. पहाटेपर्यंत बसणाऱ्यांना ते जरा अर्धवटच वाटेल.

झोपेचा हिशेब मात्र नीट करा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, न्यूयॉर्क साडेनऊ तास. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात लंडनचा साडेसातचा खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजलेले असतात, आणि न्यूयॉर्कच्या सातच्या खेळाला पहाटेचे साडेचार. आपल्याकडे जेव्हा शामियाना रिकामा होतो तेव्हा तिथं पडदा उघडतो. ऐन जानेवारीत रात्र जागवणारा माणूससुद्धा इथं पेंगतो. म्हणून पोचल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांचं तिकीट काढू नका. अमेरिकेत तर आठवडा जाऊ द्या. लंडनला दिवस कमी असतील तर दुपारचा खेळ घ्या, तो आपल्या संध्याकाळी सातला पडतो.

तारीख लिहिण्याची एक खोड लक्षात ठेवा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०५/०६ म्हणजे तिकडे ६ मे. लंडनला आणि आपल्याकडे ५ जून. वडीलधाऱ्यांनी कागदावर वार आणि महिन्याचं नाव अक्षरात लिहून घ्यावं.

जागा कुठली घ्यायची

पुढं ती चांगली जागा, ही आपली समजूत तिथं घराबाहेर ठेवा. पहिल्या दोन रांगांत मंच उंच पडतो, मान अवघडते आणि नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत.

लंडनमध्ये तळमजल्याला स्टॉल्स, त्यावरच्या मजल्याला ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्याच्यावर अपर सर्कल आणि काही ठिकाणी सगळ्यात वर बाल्कनी. न्यूयॉर्कला तळमजला ऑर्केस्ट्रा, वरचा मेझनाइन, त्याच्या वर बाल्कनी. 'ऑर्केस्ट्रा' लिहिलंय म्हणून वादकांत बसवतील असं समजू नका.

सगळा मंच एका नजरेत हवा असेल तर ड्रेस सर्कलच्या पुढच्या दोन-तीन रांगा, मधोमध. स्टॉल्समध्ये पाचवी ते बारावी रांग चांगली. स्टॉल्सच्या अगदी मागच्या रांगा टाळा: डोक्यावर वरच्या मजल्याची कड येते आणि मंचाचा वरचा भाग कापला जातो. 'फँटम'ला तिथं बसलात तर झुंबराचा खेळ नीट दिसणार नाही, आणि तेवढ्यासाठीच तर तिथं जायचं. 'लायन किंग'ला उलट, स्टॉल्समध्ये मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मिळाली तर सोडू नका. अपर सर्कल स्वस्त, पण चढ उभा आणि पाय ठेवायला जागा तोकडी; गुडघेदुखीवाल्यांनी तिकडे फिरकू नये.

तिकिटावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' किंवा 'पार्शल व्ह्यू' लिहिलेलं असेल तर समोर खांब किंवा कठडा आहे असं समजा. ते लपवत नाहीत, स्वस्तात विकतात. पण खांब किती आड येतो ते बघायला सीटप्लॅन नावाची वेबसाइट आहे; लोकांनी आपापल्या खुर्चीवरून काढलेले फोटो तिथं टाकलेले असतात. खुर्चीचा नंबर टाकून पाच मिनिटं बघा, मगच पैसे भरा.

तिकीट काढणं: सगळ्यात जास्त लोक इथं अडतात

गुगलवर नाटकाचं नाव टाकलं की सगळ्यात वर येतात त्या जाहिराती. त्यातल्या बऱ्याच तिकीट फिरवून विकणाऱ्या साइट असतात. तीच खुर्ची दीडपट-दुप्पट भावात, आणि कधी खुर्चीचा नंबरसुद्धा सांगत नाहीत. जाहिराती ओलांडून नाटकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा आणि तिथलं 'बुक टिकेट्स' दाबा. ते बटण ज्या साइटवर नेईल तीच अधिकृत. लंडनसाठी ऑफिशियल लंडन थिएटर ही थिएटरमालकांच्या संघटनेची साइट आहे, ती बिनधास्त वापरा. टुडेटिक्स हे अॅप दोन्ही शहरांत चालतं.

भावाचा साधारण अंदाज असा: लंडनला वरच्या मजल्यावरची जागा २५-३० पौंडांपासून, चांगली जागा ८० ते १५० पौंड. न्यूयॉर्क महाग, बरी जागा शंभर डॉलरच्या खाली मिळाली तर नशीब समजा. भाव रोज हलतो. मंगळवार-बुधवार स्वस्त, शनिवार रात्र महाग. नाताळात सगळंच महाग, जानेवारी-फेब्रुवारीत उतरतं. शेवटच्या पानावर बुकिंग फी वेगळी जोडली जाऊ शकते, ती धरूनच हिशेब करा.

आता पैसे भरायचे. यूपीआय विसरा, तिथं चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट अथवा क्रेडिट कार्ड लागेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात. ते आपण स्वतः चालू करायचे. बँकेच्या अॅपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा आणि मर्यादा तिकिटाच्या रकमेपेक्षा थोडी जास्त ठेवा. अॅप नसेल तर शाखेत अर्ज द्या, पण आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. काम झाल्यावर बटण पुन्हा बंद. बँक रूपांतराचा आकार लावते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी. दहा हजाराच्या तिकिटामागं तीन-चारशे रुपये त्यात जातात.

फॉर्म भरताना सगळ्यात आधी 'कंट्री'मध्ये इंडिया निवडा. ते न करता पत्ता भरायला घेतला तर अमेरिकी साइट पाच आकडी झिप कोड मागत राहते आणि आपला सहा आकडी पिन घेत नाही. फोन नंबर +९१ लावून. नाव पासपोर्टवर आहे तसंच. आणि घड्याळ चालू असतं: निवडलेली खुर्ची ठरावीक मिनिटांपुरतीच तुमच्यासाठी अडवलेली असते. कार्ड, पासपोर्ट, ओटीपी येणारा फोन असं सगळं पुढ्यात घेऊन बसा, आणि ज्या खोलीत नेटवर्क येतं त्याच खोलीत बसा. दुर्गम गावात असाल तर तालुक्याला जाऊन करा. ओटीपी उशिरा आला की खुर्ची गेली.

ओटीपीमुळेच म्हणतो की तिकीट गावातून काढा. परदेशात गेल्यावर इकडचं सिम रोमिंगवर नसेल तर ओटीपी येणारच नाही.

बरेच आईवडील म्हणतात, "मुलगा काढेल." काढू द्या, त्याच्या तिकडच्या कार्डावर आकारही वाचेल. पण नाटक, तारीख आणि खुर्ची तुम्ही ठरवून त्याला कळवा. नाहीतर तो ऑफिसमधून सुटताना घाईत जे दिसेल ते काढतो आणि तुम्ही खांबाशी गप्पा मारत बसता.

तिकीट ईमेलवर किंवा अॅपमध्ये येतं. काही अमेरिकी तिकिटांवरचा बारकोड दर थोड्या वेळानं बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. असं तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आधीच साठवून ठेवा, म्हणजे रस्त्यात इंटरनेट नसलं तरी उघडतं. 'विल कॉल' असं लिहिलं असेल तर तिकीट थिएटरच्या खिडकीवर घ्यायचं. ओळखपत्र आणि ज्या कार्डानं पैसे भरले ते कार्ड सोबत ठेवा.

स्वस्तात बघायचं असेल तर

टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांच्या खाली टीकेटीएस नावाची खिडकी आहे, १९७३ पासून. त्या दिवशीची न खपलेली तिकिटं ते वीस ते पन्नास टक्के सवलतीत विकतात. लंडनची खिडकी लेस्टर स्क्वेअरला. मात्र अगदी गाजलेली नाटकं तिथं क्वचितच येतात. याशिवाय सकाळी थिएटरची खिडकी उघडताच मोजकी तिकिटं कमी भावात देतात, त्याला 'रश' म्हणतात. आणि 'लॉटरी'त फोनवरून नाव नोंदवायचं असतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत, नंबर लागला तरच भरायचे. तिकडे शिकणाऱ्या पोरांसाठी हे उत्तम. पंधरा दिवसांसाठी गेलेल्या आईवडिलांना मी हे सुचवणार नाही. रांगेत सकाळ जाते आणि हवं ते नाटक मिळेलच असं नाही.

नातवंडं सोबत असतील तर लंडनची 'किड्स वीक' योजना बघा: उन्हाळ्याच्या सुट्टीत, मोठ्या माणसाच्या एका पूर्ण तिकिटावर एक मूल फुकट. अगदी लहानग्यांना नेऊ नका. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, आणि आपल्यासारखं मांडीवर घेऊन बसणं चालत नाही.

वयस्क मंडळींसाठी

लंडनची थिएटरं जुनी आहेत, शंभर-सव्वाशे वर्षांची. अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. रस्त्यावरून आत गेल्यावर स्टॉल्ससाठी खाली उतरावं लागतं आणि रॉयल सर्कल मात्र रस्त्याच्या पातळीला असतं, असंही काही थिएटरांत आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर वेबसाइटवरच्या 'अॅक्सेस' पानावर पायऱ्यांची संख्यासुद्धा दिलेली असते. ती वाचा किंवा मुलाला त्या विभागात फोन करायला सांगा. व्हीलचेअरची जागा मिळते, आणि लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी सोबतच्या माणसाला सवलत असते. कमी ऐकू येणाऱ्यांना हेडसेट मिळतो, दारावर मागायचा. काही नाटकांत लख्ख दिव्यांचा झगमगाट आणि बंदुकीचे बार असतात. तशी पाटी बाहेर लावलेली असते. फिटचा त्रास असणाऱ्यांनी ती आधी बघावी.

नाटकाचा दिवस

पोटभर जेवून जा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, चिवड्याचा डबासुद्धा. लंडनला युस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी खानावळी आहेत. तिथून वेस्ट एंड ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, दहा-पंधरा मिनिटांवर. मोठी बॅग किंवा सुटकेस नेऊ नका. दारावर झडती होते आणि सुटकेस ठेवून घेत नाहीत.

कपड्यांचं काही बंधन नाही. कोणी जीन्समध्ये, कोणी सुटात. नऊवारी, लुगडं, धोतर, टोपी, काहीही चालतं. न्यूयॉर्कच्या थिएटरांत उन्हाळ्यातही एसी कडक असतो, म्हणून शाल जवळ ठेवा.

अर्धा तास आधी पोचा. आपल्याकडे साडेनऊची वेळ म्हणजे साडेदहा. तिथं साडेसात म्हणजे साडेसातच. उशिरा गेलात तर गाणं किंवा प्रवेश संपेपर्यंत बाहेर उभं करतात आणि काही नाटकांत पहिला अर्धा तास असाच जातो. 'लायन किंग'ला उशीर झाला तर हत्ती गेला.

आत गेल्यावर आधी स्वच्छतागृह. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं आणि बायकांची रांग जिन्यापर्यंत. लंडनला मध्यंतरात आइस्क्रीमचे छोटे डबे विकायला येतात, ते खाण्याचा तिथं रिवाजच आहे. माहितीपत्रक न्यूयॉर्कला फुकट मिळतं, लंडनला विकत. त्यात एखादी चिठ्ठी असेल तर वाचा: आज अमुक भूमिका दुसरा नट करणार आहे, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे जाहिरातीतला नट आला नाही तर प्रेक्षक मंडप डोक्यावर घेतात. तिकडे राखीव नट पूर्ण तयारीचा असतो, लोक त्यालाही तितक्याच जोरात दाद देतात, आणि त्यासाठी सहसा पैसे परत मिळत नाहीत.

फोन बंद. फोटो, व्हिडिओ अजिबात नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी सभागृहाचा काढा हवा तर. प्रयोगात फोन वर केला की दिवा घेऊन माणूस येतो.

दाद देण्याची रीत वेगळी आहे. गाणं संपलं की टाळ्या, हव्या तितक्या. पण 'वन्स मोअर' नाही. १८८० च्या 'संगीत शाकुंतल'पासून मराठी प्रेक्षकाला लागलेली ही सवय तिथं आवरावी लागते, कारण वादकांपासून दिव्यांपर्यंत सगळं सेकंदाला बांधलेलं असतं. मधेच मंचावर जाऊन बक्षीस देणं आणि माइकवरून नाव पुकारणं तर सोडूनच द्या. गाणं चालू असताना आपणही सूर लावला तर शेजारी वळून बघतो. शेवटी सगळे नट ओळीनं येऊन वाकतात तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवा. त्यानंतरही वादक वाजवत असतात; बरेच लोक तेव्हा उठून जातात, तुम्ही थांबा. आपले झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या मंचासाठीच. तो मंच जवळून पाहिलेल्या माणसाला शेवटचं वादन सोडून जाववणार नाही.

लंडन-न्यूयॉर्क सोडून

नागपूरकडचे लोक दुबईला जास्त जातात. बुर्ज खलिफाजवळचं दुबई ऑपेरा २०१६ ला उघडलं. तिथं फिरत्या दौऱ्यावरची म्युझिकल्स थोड्या दिवसांसाठी येतात. सिंगापूरला मरीना बे सँड्सच्या थिएटरातही तसंच. जर्मनीत हॅम्बुर्गला 'लायन किंग' २००१ पासून जर्मन भाषेत आहे, आणि थिएटरला जायला एल्ब नदी बोटीनं ओलांडता येते. तेवढ्यासाठीही जावं. बोखुम शहरात १९८८ पासून 'स्टारलाइट एक्सप्रेस' चालू आहे, त्यासाठीच बांधलेल्या सभागृहात. नट चाकांच्या बुटांवर आगगाड्या होऊन प्रेक्षकांच्या भोवती धावतात. गोष्ट इवलीशी, जर्मन आलं काय न आलं काय. जपानला जाणाऱ्यांनी ताकाराझुका या नाटकमंडळीचं तिकीट जरूर बघावं. १९१४ पासून तिथं पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे उलटं चित्र बघायला मजा येते.

परतीचा रस्ता

खेळ सुटतो दहाच्या पुढंमागं, आणि सगळी थिएटरं एकदमच सुटतात. लंडनला ट्यूब साधारण मध्यरात्रीपर्यंत असते. शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर रात्रभर. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पुढच्या स्टेशनपर्यंत चालत जाणं बरं. नट भेटायला हवे असतील तर थिएटरच्या मागच्या दाराशी, स्टेज डोअरला, थांबा. कधी येतात, माहितीपत्रकावर सही देतात. कधी येत नाहीत. न्यूयॉर्कहून एडिसनला जायचं असेल तर टाइम्स स्क्वेअरहून पेन स्टेशन पंधरा-वीस मिनिटं चालत. गाडीचं परतीचं तिकीट येतानाच काढून ठेवा आणि रात्रीच्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. दहानंतर गाड्या विरळ होतात, आणि एडिसन स्टेशनवर न्यायला कोण येणार हे घरातून निघतानाच ठरवून घ्या.